शाल, श्रीफळ आणि सेवापुस्तक

काही वर्षांपूर्वी वसईतल्या एका महाविद्यालयातून एकाच दिवशी दोघेजण निवृत्त झाले. एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक, दुसरे त्याच विभागातले प्रयोगशाळा परिचर. सगळे कॉलेज परिचरांना ‘मामा’ म्हणे. दोघांचीही साठी भरली होती. सभागृहात नेहमीचा समारंभ झाला. शाल आली, श्रीफळ आले, गुलाबाचा गुच्छ आला. ‘निवृत्ती ही सुरुवात असते’ हे वाक्य तीन वक्त्यांनी तीन वेळा म्हटले. बटाटेवडा आणि चहा घेऊन मंडळी पांगली.

सर आमचे शेजारी. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. वहिनींनी शाल घडी करून कपाटात ठेवली आणि सहज विचारावे तसे विचारले, ‘अहो, आता पहिल्या तारखेला पैसे कोण देणार? कॉलेज की सरकार?’

तेहतीस वर्षे वर्गात एकाही प्रश्नाला न अडखळलेले सर क्षणभर गप्प झाले. ‘सरकारच देणार... म्हणजे कॉलेजमार्फत... म्हणजे बहुतेक बँकेत येतील,’ असे काहीसे पुटपुटले. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मलाही सांगता येईना.

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. अनुदानित खासगी महाविद्यालयात आयुष्य घालवलेल्या माणसाचे म्हातारपण कोणाच्या खात्यावर, याचे उत्तर एका शब्दात मिळत नाही. आणि ते वेळेवर मिळाले नाही, तर काय होते ते पुढच्या चौदा महिन्यांत सरांच्या घरी आम्ही पाहिले.

नोकरी एकाची, पगार दुसऱ्याचा

वसईच्या जुन्या मंडळींना आठवत असेल, एकेकाळी मॅट्रिकनंतर शिकायचे तर पहाटेची गाडी पकडून अंधेरी नाहीतर थेट चर्चगेट गाठावे लागे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत तालुक्यातच कॉलेजे उभी राहिली. अण्णासाहेब वर्तकांच्या नावाचे महाविद्यालय झाले, वसईत जन्मून जपानात १५९७ साली हुतात्मा झालेल्या संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचे झाले. वाडीत राबणाऱ्यांची, मिठागरांवर खपणाऱ्यांची, कोळीवाड्यांतली मुले पदवीधर झाली. त्यांत मुलींची संख्या मोठी होती, कारण गाडीच्या गर्दीत मुलीला रोज मुंबईला धाडायला घर तयार नसे.

अशी कॉलेजे गावोगावच्या शिक्षणसंस्थांनी काढली. जागा कुणी दिली, देणग्या कुणी दिल्या. पण प्राध्यापकांचे पगार देणग्यांवर चालत नाहीत. तिथे शासनाचे अनुदान आले आणि त्यातून एक विलक्षण त्रांगडे तयार झाले. नेमणुकीचे पत्र संस्था देते, म्हणून मालक संस्था. त्या नेमणुकीला मान्यता विद्यापीठ देते, म्हणून शिक्षक म्हणून ओळख विद्यापीठाची. आणि पगाराचा पैसा राज्य शासनाच्या उच्च शिक्षण विभागाकडून येतो. नोकरी एकाची, मान्यता दुसऱ्याची, पगार तिसऱ्याचा.

नोकरी चालू असते तोवर या तिघांतले अंतर जाणवत नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते जाणवते.

वहिनींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : मान्यताप्राप्त अनुदानित पदावरच्या, जुन्या योजनेतल्या माणसाची पेन्शन राज्य शासनाच्या कोषागारातून येते. ग्रॅच्युइटीही तिथूनच, आणि त्याच्या पश्चात पत्नीला किंवा पतीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतनही तिथूनच. संस्था त्यात पैसा घालत नाही. संस्थेच्या हाती फक्त कागद असतात. पण त्या कागदांवाचून कोषागाराचे दार उघडत नाही.

१९८२ सालची गोष्ट

ही सोय पहिल्यापासून नव्हती. पूर्वी कॉलेजच्या शिक्षकाला भविष्य निर्वाह निधी असे. थोडे त्याचे, थोडे मालकाचे, आणि निवृत्तीच्या दिवशी एकरकमी हिशेब. ती रक्कम मुलीच्या लग्नात, घराच्या छपरात नाहीतर दुखण्यात किती भराभर विरघळते, हे त्या पिढीच्या मुलांना सांगायला नको.

माध्यमिक शाळांच्या शिक्षकांना आपल्या राज्यात १ एप्रिल १९६६ पासून पेन्शन लागू झाली. कॉलेजवाले मागे राहिले. शाळेत शिकवणाऱ्या भावाला पेन्शन आणि कॉलेजात शिकवणाऱ्याला नाही, असा उफराटा प्रकार सोळा वर्षे चालला. अखेर २१ जुलै १९८३ च्या शासननिर्णयाने अनुदानित अशासकीय महाविद्यालयांतल्या पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक-शिक्षकेतरांना पेन्शन आणि ग्रॅच्युइटीची योजना मिळाली, ती १ ऑक्टोबर १९८२ पासून.

१९८२ हे साल पेन्शनीच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम अमलात आले. पेन्शनसाठी किती वर्षांची सेवा लागते, ग्रॅच्युइटी कशी मोजायची, कागद कोणी कधी करायचे, ते सगळे त्यात आहे. आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. न्यायालयाने स्वच्छ सांगितले की, पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीने टाकलेली भीक नव्हे. उमेदीच्या काळात केलेल्या कामाचा तो पुढे ठेवलेला मोबदला आहे. देशभरचे निवृत्त लोक १७ डिसेंबर हा दिवस अजूनही पाळतात.

तत्त्व ठरले. पण तत्त्वाला बँकेत खाते नसते. ते सेवापुस्तकातून, तारखांतून आणि शिक्क्यांतून झिरपत यावे लागते.

वसई ते कोषागार, व्हाया पनवेल

आता सरांच्या कागदांचा प्रवास ऐका. कॉलेजच्या कार्यालयाने पेन्शनचा प्रस्ताव तयार करायचा. त्यात सेवापुस्तक, नेमणुकीच्या आणि मान्यतेच्या पत्रांच्या प्रती, प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळची वेतननिश्चिती, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला, येणे नसल्याचा दाखला, पतिपत्नीचा एकत्र फोटो. तो प्रस्ताव कोकण विभागाच्या उच्च शिक्षण सहसंचालकांच्या पनवेलच्या कार्यालयात जातो. तिथून मुंबईला महालेखापालांकडे. ते तपासून पेन्शनचा, ग्रॅच्युइटीचा आणि अंशराशीकरणाचा आदेश काढतात. अंशराशीकरण म्हणजे पेन्शनीचा काही भाग आगाऊ एकरकमी घेणे. मग कोषागार आणि शेवटी बँक. या साखळीतली एक कडी निसटली की पुढचे सगळे थांबते.

नियम म्हणतात, निवृत्तीच्या दोन वर्षे आधी या तयारीला लागावे आणि सहा महिने आधी कागद महालेखापालांकडे पोहोचावेत. नियम करणारा माणूस शहाणा होता. पण कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाचा हंगाम असतो, परीक्षा असतात, मूल्यांकन समिती येते. सरांचा प्रस्ताव निवृत्तीच्या महिन्यात निघाला.

तीन आठवड्यांत तो परत आला. आक्षेप एका ओळीचा होता. पहिल्या वर्षातल्या सहा महिन्यांच्या नेमणुकीला विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र जोडलेले नाही. सर तेव्हा रजेच्या जागेवर लागले होते, पुढे कायम झाले. पत्र आले असणारच. पण मधे दप्तर जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलले होते, नोंदी करणारे लेखनिक केव्हाच निवृत्त झाले होते. संस्थेचे चिटणीस म्हणाले, ‘आम्ही पाठवलं, आता सरकारचं काम.’ सरकारी कार्यालय म्हणाले, ‘कॉलेजकडून आक्षेपाची पूर्तता होऊ द्या.’ विद्यापीठ म्हणाले, ‘जावक क्रमांक आणा, शोधू.’ तिघांचेही बोलणे खरे होते. बारभाईच्या शेतीत पीक कोणी कापायचे, हाच प्रश्न.

वसई रोडहून दिवामार्गे पनवेलला जाणारी गाडी सरांना पाठ झाली. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण त्यांनी आधी हसून सांगितली, मग नुसती सांगितली, मग सांगणे सोडले. मुलाकडे पैसे मागायचे त्यांच्या जिवावर येई. वहिनींनी गावच्या वाडीतली केळी आणि नारळ विकायला काढले, पण ‘घरात पडून वाया जातात’ असे कारण सांगून. पेन्शनच्या कागदांना उशीर होत असेल तर तात्पुरती पेन्शन देण्याची सोय नियमांत आहे, आणि ग्रॅच्युइटी तीन महिन्यांच्या पुढे कार्यालयीन दिरंगाईने रखडली तर व्याजाचीही तरतूद आहे. पण या गोष्टी मागाव्या लागतात. सरांना त्या कोणी सांगितल्या नाहीत आणि सरांनी विचारल्या नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांना कोणापुढे मागायची सवय नव्हती.

आणि मामा? मामांची पेन्शन तिसऱ्या महिन्यात सुरू झाली.

एकच कॉलेज, एकच दिवस, एकच कार्यालय. मग हे कसे? मामांच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. १९८६ सालच्या नेमणुकीच्या पत्रापासून प्रत्येक वेतनवाढीच्या आदेशाची प्रत त्यांनी तीत जपली आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुटीआधी ते कार्यालयात जात आणि आपले सेवापुस्तक बघायला मागत. नोंद राहिली असेल तर तिथल्या तिथे करून घेत. बाकीचे हसत. ‘मामा, तुम्ही काय शाळा तपासायला आलात काय?’ मामा सातवी शिकलेले. ते म्हणत, ‘साहेब, तुम्ही विसरलात तर तुमचं चालतं. माझं नाही चालणार.’

चौदाव्या महिन्यात सरांच्या पत्राची प्रत विद्यापीठाच्या जुन्या बाडात सापडली. पेन्शन आली, थकबाकीसकट आली. सरांनी पेढे वाटले. पण त्यांच्या बोलण्यातले काहीतरी तेव्हापासून कमी झाले आहे.

रजेचे पैसे कोणाचे?

पेन्शनचा धनी निदान ठरलेला आहे. काही देणी अशी आहेत की त्यांच्या धन्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. शिल्लक राहिलेल्या अर्जित रजेचे निवृत्तीच्या वेळी रोखीत रूपांतर होते, हे सरकारी कचेरीत सर्वांना ठाऊक असते. खासगी कॉलेजच्या शिक्षकाला ती रजा विद्यापीठाच्या परिनियमांनी दिली. पण पैसे कोण देणार? संस्था म्हणते, आमच्याकडे पगारसुद्धा शासनाचा येतो, हे आम्ही कुठून आणू? शासन म्हणते, अनुदानाच्या सूत्रात हे आम्ही कबूल केलेले नाही.

जळगावच्या एका नामवंत महाविद्यालयातल्या निवृत्त शिक्षकांचा असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ साली निकाल लागला. आशय असा की, परिनियमांनी दिलेला हक्क शिक्षकाला आहे, संलग्न महाविद्यालयाला ते परिनियम बांधतात, आणि शासनाने जे देणे अनुदानात स्वीकारलेले नाही ते संस्थेला टाळता येणार नाही.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. विधी महाविद्यालयांना आपले राज्य शासन अनुदान देत नव्हते, इतर शाखांना मात्र देत होते. हा भेदभाव आहे, असे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि मान्यताप्राप्त खासगी विधी महाविद्यालयांना अनुदान देण्यास सांगितले.

दोन निकाल शेजारी ठेवले की सामान्य माणसाला एक गोष्ट कळते. ‘अनुदानित’ या शब्दाचा अर्थ ‘सगळे सरकार देईल’ असा नाही. सरकारने जे लिहून कबूल केले ते सरकारचे, बाकीचे मालकाचे. आणि दोघांच्या मधल्या फटीत जो पडतो तो निवृत्त माणूस.

एका छपराखाली चार तऱ्हा

सर आणि मामा दोघेही तसे भाग्यवान. त्यांची नेमणूक जुनी. १ नोव्हेंबर २००५ ही तारीख महाराष्ट्रातल्या नोकरवर्गात आता जन्मतारखेइतकी महत्त्वाची झाली आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जे अनुदानित पदावर लागले त्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, शासन आपला वाटा घालते, तो पूर्वी दहा टक्के होता, पुढे चौदा झाला, आणि रक्कम बाजारात गुंतवली जाते. निवृत्तीच्या वेळी साठ टक्क्यांपर्यंत हाती आणि उरलेल्यातून वर्षासन. पेन्शन किती मिळेल हे आज कोणी सांगू शकत नाही. याच अस्वस्थतेतून १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि राज्याच्या मंत्रिमंडळानेही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला.

मधल्या मध्ये सापडलेलेही आहेत. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसताना लागलेल्या प्राध्यापकांच्या सेवा २७ जून २०१३ च्या निर्णयाने नियमित झाल्या, पण त्या निर्णयाच्या तारखेपासून. मग त्यांची पेन्शन जुनी की नवी? वीस वर्षे शिकवलेल्या माणसाने स्वतःला २०१३ सालचा नवखा समजावे काय? या प्रश्नापायी कितीतरी जणांनी न्यायालयाचे उंबरठे झिजवले.

तिसरी तऱ्हा त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर गेली होती. मुले वाढली, पण अनुदानित जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. व्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञान, जनसंवाद असे नवे अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर निघाले. मुलांना फरक कळत नाही. घंटा तीच, फाटक तेच, परीक्षाही तीच. पण तिथे शिकवणाऱ्याला कोषागाराची पेन्शन नाही. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्यातली पेन्शन मिळते. २०१४ पासूनची पंधरा हजारांची वेतनमर्यादा धरून तीस वर्षांचा हिशेब केला, तर ती महिना सात हजारांच्या आतच राहते.

राहिली ग्रॅच्युइटी. तीही या मंडळींना सुखासुखी मिळाली नाही. १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा ३ एप्रिल १९९७ पासून शैक्षणिक संस्थांना लागू झाला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिक्षक बसत नाही. कारकून बसतो, शिपाई बसतो, शिक्षक नाही! २००९ साली संसदेने व्याख्या दुरुस्त केली आणि ती १९९७ पासून लागू केली. खासगी शाळाचालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना पूर्वीची पाच वर्षांची अट राहिलेली नाही. इथे पैसे देणारा मात्र एकच : मालक, म्हणजे संस्था.

चौथी तऱ्हा तासिका तत्त्वाची. तास घेतला तर पैसे, सुटी लागली की नाही. त्याच्या म्हातारपणाचा धनी शोधूनही सापडत नाही.

ट्रंक

परवा सरांच्या ओटीवर त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली होती. वसईच्याच एका कॉलेजात विनाअनुदानित विभागात सतरा वर्षे शिकवते. हुशार, मुलांची लाडकी. सरांची कथा ऐकून म्हणाली, ‘सर, तुम्हाला चौदा महिन्यांनी का होईना, मिळालं. मला कोण देणार?’

सरांकडे याही वेळी उत्तर नव्हते. पण योगायोगाने मामा आले होते. हल्ली ते निवृत्त होणाऱ्या कोणाकोणाचे कागद लावून देतात, हौस म्हणून. त्यांनी तिला सांत्वनाचे एक अक्षर ऐकवले नाही. सरळ विचारले, ‘बाई, पहिल्या नेमणुकीचं पत्र आहे?’

ती गोंधळली. ‘असेल कुठेतरी. दरवर्षी नवीन ऑर्डर देतात.’

‘सगळ्या आहेत?’

‘नाही... काही कॉलेजात राहिल्या.’

‘पीएफ कापतात? त्याचा नंबर ठाऊक आहे?’

तिने मान हलवली. होकार की नकार ते कळले नाही.

मला वाटते, आपण हा प्रश्न चुकीच्या दिवशी विचारतो. निवृत्तीच्या संध्याकाळी शाल घडी करताना विचारतो. तो विचारायला हवा नेमणुकीच्या सकाळी, पेढे वाटण्याच्या आधी. हे पद अनुदानित की विनाअनुदानित? विद्यापीठाची मान्यता कधी येणार आणि तिची प्रत मला कोण देणार? मला कोणती पेन्शन योजना लागू? ग्रॅच्युइटी कोण देईल, शासन की संस्था? रजेचे काय? घरातल्या माणसांनीही ही उत्तरे माहीत करून घ्यावीत, कारण कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ येते तेव्हा उत्तर देणारा माणूस घरात नसतो.

आणि संस्थाचालकांनो, तुम्ही पेन्शनीचा पैसा देत नाही हे मान्य. पण सेवापुस्तक तुमच्या कपाटात आहे. ते वर्षातून एकदा उघडून ज्याचे त्याला दाखवायला किती खर्च येतो?

मामा निघताना त्या मुलीला म्हणाले, ‘रविवारी ये घरी. एक जुनी ट्रंक रिकामी आहे माझ्याकडे, ती घेऊन जा. आणि सोमवारी ऑफिसात जाऊन पहिल्या ऑर्डरीची प्रत माग. हसतील. हसू दे.’